विमान अपघाताची भरपाई : हक्क की अनुग्रह?

तंजावूर : अहमदाबादच्या विमान दुर्घटनेनंतर देशातील हवाई सुरक्षेची संसदेने दखल घेतली. परिवहन, पर्यटन व संस्कृती विषयक संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षेचा आढावा घेणारा ३८० वा अहवाल सादर केला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील १,०६३ मंजूर पदांपैकी केवळ ५५३ पदे भरलेली असल्याचे त्यातून समोर आले. अहवालाचा रोख अपघात टाळण्यावर होता आणि ते योग्यच होते. मात्र अपघात घडल्यावर मृतांच्या वारसांना काय, किती आणि केव्हा मिळावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. भरपाई आणि विम्याच्या कायद्यांचा तसाच सर्वंकष फेरआढावा घेण्याची आवश्यकता त्यामुळे अधोरेखित होते.

हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही. तंजावूरच्या मराठा राजवाड्याच्या परिसरातील रहिवाशांना विमान पकडायचे असेल, तर तिरुचिरापल्ली गाठावे लागते. तेथून चेन्नईला जाणारी विमाने सुटतात, तशी सिंगापूर, क्वालालंपूर, दुबई आणि शारजाहलाही. नोकरीसाठी आखाती देशांत गेलेल्यांची कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात गावोगाव आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच विमानतळावरून दुबईला निघालेले विमान उड्डाणाच्या वेळी कुंपणाच्या भिंतीला धडकले आणि पुढे मुंबईत उतरविण्यात आले. त्यात १३६ जण होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शारजाहला निघालेल्या विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला. इंधन कमी करण्यासाठी ते दोन तासांहून अधिक काळ घिरट्या घालत राहिले. दोन्ही वेळा सर्व जण सुखरूप उतरले. अनर्थ घडला असता, तर वारसांचे हक्क कोणत्या कायद्याने ठरले असते, हे पाहिले की सध्याच्या व्यवस्थेतील विसंगती लक्षात येते.

भारतात हा विषय हवाई वाहतूक अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतो. १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ मध्ये सामील झाला आणि त्या कराराचे नियम या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आले. आंतरराष्ट्रीय प्रवासात मृत्यू किंवा शारीरिक इजा झाल्यास भरपाईचे दोन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यापर्यंतच्या सिद्ध झालेल्या नुकसानीची जबाबदारी विमान कंपनीला आपली चूक नव्हती, असे सांगून टाळता येत नाही. त्यावरील रकमेसाठी मात्र कंपनी आपला निष्काळजीपणा नव्हता किंवा दोष सर्वस्वी त्रयस्थाचा होता, असे सिद्ध करून सुटू शकते. ही मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष आहरण अधिकार, म्हणजेच एसडीआर या हिशेबाच्या एककात ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,२८,८२१ वरून १,५१,८८० एसडीआर झाली. २०२५ च्या विनिमय दराने ही रक्कम पावणेदोन कोटी रुपयांच्या घरात जाते. महागाईनुसार दर पाच वर्षांनी तिचा फेरविचार करण्याची तरतूद करारातच आहे.

देशांतर्गत प्रवाशाचे चित्र वेगळे आहे. त्याच्यासाठी केंद्र सरकारने २०१४ च्या अधिसूचनेद्वारे हीच मर्यादा २० लाख रुपये ठरविली. पाच वर्षांनी फेरविचार करण्याचे बंधन या रकमेला नाही. २०१६ च्या दुरुस्तीने मर्यादा बदलण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्यामुळे प्रत्येक वेळी विधेयक आणण्याची गरज उरली नाही. कारभाराच्या दृष्टीने ही सोय असली, तरी रक्कम केव्हा आणि किती वाढावी, ही चर्चा त्यामुळे संसदेच्या पटलावरून जवळजवळ नाहीशी झाली.

या तफावतीचा परिणाम एकाच विमानात दिसू शकतो. तिरुचिरापल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या विमानात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचे तिकीट चेन्नईमार्गे सिंगापूरपर्यंत सलग काढलेले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो आंतरराष्ट्रीय प्रवासी ठरतो. दुसरा केवळ चेन्नईपर्यंतचा. विमान, धावपट्टी, वैमानिक आणि अपघात तोच. तरीही पहिल्या टप्प्याच्या संरक्षणात आठपटींहून अधिक फरक. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादेत उड्डाण करताना इंडियन एअरलाइन्सचे विमान रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि ५५ जणांचा मृत्यू झाला. ते उड्डाण देशांतर्गत होते. देशातील बहुसंख्य हवाई प्रवासी याच गटात मोडतात.

मर्यादा मोठी असली म्हणजे तेवढी रक्कम हाती पडतेच, असेही नाही. २२ मे २०१० रोजी मंगळुरू येथे एअर इंडिया एक्सप्रेसच्या अपघातात १५८ जणांचा मृत्यू झाला. माँट्रियल करार लागू झाल्यानंतरची देशातील ही पहिली मोठी कसोटी होती. पहिल्या टप्प्याची पूर्ण रक्कम, त्या वेळच्या हिशेबाने सुमारे ७५ लाख रुपये, किमान भरपाई म्हणून द्यावी, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने २०११ मध्ये दिला. खंडपीठाने तो फिरविला आणि प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावे लागेल, असे स्पष्ट केले. याच अपघातातील एका मृताच्या कुटुंबाला ७ कोटी ६४ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. दाद मिळाली, पण ती ग्राहक आयोगामार्फत आणि जवळजवळ दहा वर्षांनी. वेतनाचे कागद, जाणकार वकील आणि थांबण्याची ऐपत ज्यांच्याकडे नसते, त्यांना मिळेल त्या रकमेत तडजोड करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

रेल्वे अपघातासाठी दावा न्यायाधिकरण आहे आणि मृत्यूसाठी आठ लाख रुपयांची निश्चित रक्कम आहे. रस्ते अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आहेत. विमान अपघातासाठी असे स्वतंत्र व्यासपीठ नाही. शिवाय दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. अन्यथा हक्कच संपुष्टात येतो. शोकातून सावरणाऱ्या कुटुंबासाठी हा काळ वाटतो तेवढा मोठा नसतो.

सर्वांत मोठी पोकळी जमिनीवरील बळींच्या बाबतीत आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एआय-१७१ हे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ अशा २६० जणांनी प्राण गमावले. विमानातील प्रवाशांना माँट्रियल कराराचा आधार आहे. वसतिगृहात जेवायला बसलेल्या विद्यार्थ्याला तो नाही, कारण त्याने तिकीट काढलेले नव्हते. त्याच्या वारसांना सर्वसाधारण कायद्याचा आधार घ्यावा लागतो. ब्रिटनच्या १९८२ च्या कायद्यानुसार विमानामुळे जमिनीवर झालेल्या हानीची भरपाई निष्काळजीपणा सिद्ध न करताही मिळते. भारतीय संसदेने अशी तरतूद करण्यास आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहण्याचे कारण नाही.

विम्याचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. विमान कंपनीकडे पुरेसा विमा असावा, असे माँट्रियल करार सांगतो. मोठ्या कंपन्यांचा विमा जागतिक बाजारात पुनर्विमाकृत असतो. त्यामुळे त्यांची देण्याची क्षमता सहसा अडचणीची नसते. खरा प्रश्न लहान आणि भाडोत्री विमानसेवांचा आहे. ‘पुरेसा’ म्हणजे प्रत्येक आसनामागे आणि जमिनीवरील हानीसाठी किती, हे आकड्यांत सांगितले गेले आणि विम्याची स्थिती सर्वांना पाहता आली, तरच त्या शब्दाला अर्थ राहील.

अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर टाटा समूहाने प्रत्येक मृतामागे एक कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. एअर इंडियाने २५ लाख रुपयांची अंतरिम रक्कमही देऊ केली. जमिनीवरील मृतांचे वारसही या मदतीत समाविष्ट होते, ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु असे साहाय्य ‘सानुग्रह’ असते आणि या शब्दातच ‘अनुग्रह’ आहे. अनुग्रह देणाऱ्याच्या इच्छेवर आणि ऐपतीवर अवलंबून असतो. पुढचा अपघात एखाद्या लहान कंपनीच्या विमानाला झाला, तर तो मिळेलच, याची शाश्वती नाही. युरोपीय संघात वारस निश्चित झाल्यापासून पंधरा दिवसांत आगाऊ रक्कम देणे विमान कंपनीवर बंधनकारक आहे.

हक्क आणि अनुग्रह यांतील अंतर किती असते, याचा दाखला तंजावूरच्या राजवाड्यातच आहे. ऑक्टोबर १८५५ मध्ये दुसरे शिवाजी महाराज पुत्राविना निवर्तले. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर राजवाडा आणि खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला आणि मद्रासच्या न्यायालयात त्यांची सरशी झाली. मात्र १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला. ही राज्यसत्तेची कृती आहे. ती न्याय्य असो वा अन्याय्य, तिच्यावर दाद देण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे तिचे म्हणणे होते. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत केली, पण ती कृपा म्हणून. जे हक्काने मागितले होते, ते मेहेरबानीने मिळाले. राज्यसत्तेच्या कृतीचे ते प्रकरण आणि आजचे विमान अपघात यांचा कायदा वेगळा आहे. पण दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागणाऱ्याची स्थिती तीच राहते.

संसदेने हा विषय हाती घेतल्यास चार गोष्टी प्राधान्याने ठरविता येतील. देशांतर्गत प्रवाशाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या जवळ आणून तिलाही पाच वर्षांच्या फेरविचाराचे बंधन घालणे; जमिनीवरील बळींसाठी दोष सिद्ध न करता भरपाईची तरतूद करणे; अंतरिम रक्कम आणि तिची मुदत कायद्यातच लिहिणे; आणि दाव्यांसाठी कालबद्ध निवाडा करणारे व्यासपीठ उभारणे. यामुळे विम्याचा खर्च वाढेल आणि त्याचा काही भार तिकिटावर येईल, हा आक्षेप खरा आहे. मात्र हा भार सर्व प्रवाशांत विभागला जातो. भरपाईअभावी होणारे नुकसान एकट्या कुटुंबाला सोसावे लागते. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. विमानांसाठी नवा कायदा करणाऱ्या संसदेपुढे आता विमानात बसणाऱ्यांचा आणि त्याखाली राहणाऱ्यांचा कायदा नवा करण्याचे काम शिल्लक आहे.