जग बुडाल्यावर गाडी कोण दुरुस्त करणार?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त दिवाळीत वैरागला आलेल्या पुतण्याचं. त्याने पुण्याहून 'ट्वायलाइट: २०००' नावाचा खेळ आणला होता. मूळ खेळ अमेरिकन, १९८४ सालचा. तिसरं महायुद्ध झालंय, सैन्यं विस्कटलीत आणि पोलंडमध्ये अडकलेल्या मूठभर सैनिकांनी आपल्या गाडीसह तग धरायचा. नकाशे, कागद आणि फासे, बस्स.

अशा खेळांत पोरांचा सगळा जीव बंदुकीत आणि पेट्रोलमध्ये. 'मॅड मॅक्स'ने तेच शिकवलंय ना! इथे मात्र पेट्रोल जवळजवळ संपलेलं, भट्टीत गाळलेल्या अल्कोहोलवर गाड्या चालवायच्या. हे वाचून पुतण्या म्हणाला, "काका, मग आपल्या सोलापूर जिल्ह्याला कसली काळजी? एवढे साखर कारखाने, मळीपासून हवं तेवढं इथेनॉल!"

मला हसू आलं, आणि नाना आठवले.

नाना म्हणजे आमचे थोरले चुलते. लष्कराच्या ईएमईमध्ये होते, गाड्या-रणगाडे दुरुस्त करणाऱ्या दलात. (हे दल १९४३ साली, ऐन महायुद्धात उभं राहिलं.) निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातली जोंगा घेतली. जबलपूरला निस्सानच्या परवान्यावर बनलेली, सहा सिलिंडरची, पेट्रोल ढोसणारी. पुढे तिचं उत्पादन थांबलं, सुटे भाग मिळेनात. पण नानांची गाडी चालायची. पॅकिंग फाटलं की जाड कागद त्या भागावर ठेवून कडेकडेने हातोडीचे हलके ठोके देत नवं कापायचे. रोज सकाळी 'फर्स्ट परेड', रात्री 'लास्ट परेड': ऑइल, पाणी, बेल्ट, नटबोल्ट. गाडी नुसती बाजारात जाऊन आली असली तरी यात खाडा नाही.

नाना गेले आणि दोन वर्षांत जोंगा बंद पडली. पेट्रोलपंप हाकेच्या अंतरावर असताना! उलट पेट्रोलमधल्या इथेनॉलनेच जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा खराब केला असावा, असं बार्शीचे मेस्त्री म्हणाले. म्हणजे इंधन आहे, पडदा नाही. आणि तो जुळवणारा हातही नाही.

माझं मत असं, की टंचाई आधी सुट्या भागांची येते, आणि खरी टंचाई जाणत्या हातांची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नवे रणगाडे बनवण्याच्या नादात सुट्या भागांकडे दुर्लक्ष केलं. दुरुस्तीअभावी कित्येक रणगाडे उभे राहिले. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला तेव्हा रशियन बनावटीच्या सामग्रीचे भाग मिळवताना आपल्या लष्कराचीही ओढाताण झाली.

'ट्वायलाइट'मध्ये गाडीच्या देखभालीला ठरावीक तास द्यावे लागतात. नाही दिले तर गाडी दगा देते. पुतण्याला हा नियम कंटाळवाणा वाटला, "वगळूया का?" म्हणाला. खेळ म्हणजे हजेरीपट नव्हे हे मलाही मान्य आहे. पण मी नको म्हटलं. हा नियम काढला तर उरते ती नुसती मारामारी.

त्याला शहाणपण शिकवताना मनात मात्र टोचत होतं. नानांशेजारी बसून मी वर्षानुवर्षं गप्पा ऐकल्या, हातोडी कधी हातात घेतली नाही.

भाऊबीजेला आम्ही दोघांनी बॉनेट उघडलं. पहिली दोन पॅकिंगं फाटली. तिसरं जरा बरं जमलंय... पडद्याचा शोध चालू आहे. कुणाच्या माहितीत जोंगाचा जुना मेस्त्री असेल तर जरूर कळवा. पार्ट नसला तरी चालेल, शिकवणारा हवाय.