गोबुस्तानला पूर्ण दिवस द्या

बाकूच्या सहलीचं वेळापत्रक हल्ली बहुतेक कंपन्यांचं एकाच साच्यातलं असतं. जुनं शहर आणि फ्लेम टॉवर्स, डोंगरातला एखादा मुक्काम, खरेदीला अर्धा दिवस. उरलेल्या एका दिवसात चार गोष्टी कोंबलेल्या: गोबुस्तानची कोरीव चित्रं, चिखलाचे ज्वालामुखी, सुराखानीचं आतेशगाह हे अग्निमंदिर आणि यानारदागची जळती टेकडी. यातल्या पहिल्या दोन जागा शहराच्या नैर्ऋत्येला, साधारण 60 किलोमीटरवर आणि त्याच्याही पुढे. उरलेल्या दोन शहर ओलांडून पलीकडे, आब्शेरोन द्वीपकल्पावर. कोच सकाळी एका दिशेला धावतो, दुपारी उलटा फिरतो, आणि पाहुण्यांच्या दिवसाचा मोठा भाग सीटवर जातो. ब्रोशरमध्ये चार टिकमार्क होतात. संध्याकाळी जेवताना पाहुण्यांना विचारा, काय पाहिलं? ‘दगड होते, चिखल होता, मग आग होती,’ यापलीकडे फारसं उत्तर येत नाही.

दोष पाहुण्यांचा नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांचा आहे, म्हणजे आपला. म्हणून या अंकात आमचं सांगणं एवढंच आहे की गोबुस्तान आणि चिखलाचे ज्वालामुखी यांना मिळून एक अख्खा दिवस द्या. आतेशगाह आणि यानारदाग दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या दिवसात न्या.

हा दिवस खरं तर कोच हॉटेलातून निघतो तिथेच सुरू होतो. समुद्राला डावीकडे ठेवून रस्ता दक्षिणेकडे जातो. थोड्याच वेळात बीबी-हेबत लागतं. 1846 साली इथे यंत्राच्या साहाय्याने तेलविहीर खोदली गेली, जगातल्या अशा अगदी पहिल्या विहिरींपैकी ती एक. पुढे लोकबातान. तिथला ज्वालामुखी वारंवार उफाळणारा म्हणून प्रसिद्ध आहे, 2001च्या उद्रेकात त्यातून ज्वाळा उठल्या होत्या. तेल, वायू, चिखल आणि आग या चारही गोष्टी एकाच भूगर्भाच्या पोटातून येतात, हे सांगायला याहून चांगला रस्ता मिळणार नाही. पण आपल्या कोचमध्ये त्या वेळी बहुधा अंताक्षरी चालू असते किंवा आदल्या रात्रीच्या जेवणाची चर्चा. टूर मॅनेजरने माईक हातात घेण्याची वेळ हीच.

सांगायचं काय? दक्षिण कॅस्पियन खोऱ्यात गाळाचे थर 20 किलोमीटरहून अधिक जाडीचे आहेत. भूशास्त्राच्या हिशेबाने हा गाळ फार झपाट्याने साचला. खालच्या चिकणमातीतलं पाणी निचरून जायला सवडच मिळाली नाही. वर नवे थर चढत गेले, आतलं पाणी कोंडलं गेलं, गाळातल्या जैविक अवशेषांपासून मिथेन तयार होत राहिला आणि दाब वाढत गेला. त्यातच अरबी भूपट्ट उत्तरेकडे सरकतो आहे. त्याच्या रेट्याने या थरांना घड्या पडल्या, भेगा पडल्या. जिथे वाट मिळाली तिथून माती, खारं पाणी आणि वायू वर येऊ लागले. लाव्हारसाचा इथे काही संबंध नाही. अझरबैजानात आणि त्याच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात असे 300हून अधिक ज्वालामुखी आहेत, जगात माहीत असलेल्यांपैकी फार मोठा वाटा या एका छोट्या देशात.

हे सोप्या भाषेत, दहा मिनिटांत सांगता येतं. एवढं आधी ऐकलेला माणूस गोबुस्तानजवळच्या डाशगिलच्या टेकडीवर उभा राहिला की त्याला नुसता चिखल दिसत नाही. मातीचे कंबरभर किंवा पुरुषभर उंचीचे सुळके, माथ्याला छोटंसं तोंड. तोंडात राखाडी चिखल काठोकाठ भरलेला, त्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग. चिखलाचा पृष्ठभाग हळूहळू फुगतो, घुमट होतो, ताणला जातो आणि फुटतो. कढईतलं पिठलं रटरटावं तसं दिसतं, पण हात लावला तर गार. इथेच पाहुणे चकित होतात. फुटलेल्या बुडबुड्याची वर्तुळं काठापर्यंत येतात, थोडा चिखल ओघळतो, आधीच्या वाळलेल्या ओघळांवर नवा ओघळ बसतो. सुळका वाढला कसा, हे डोळ्यांसमोर घडत असतं. यासाठी एकाच तोंडापाशी दहा मिनिटं स्वस्थ उभं राहावं लागतं. फोटो स्टॉपमध्ये ही दहा मिनिटं नसतात.

आपल्या पाहुण्यांपैकी बरेच जण अंदमानला जाऊन आलेले असतात. ‘बाराटांगला पाहिलंय आम्ही हे,’ असं कोणीतरी म्हणणारच. त्याला गप्प करू नका, त्याचा उपयोग करून घ्या. बाराटांगची जागा एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो त्या पट्ट्यातली आहे, इथला चिखल जाड गाळाच्या खोऱ्यातला. दृश्य सारखं, घडण वेगळी. अशा तुलनेत पाहुणे मनापासून भाग घेतात.

काही गोष्टी मात्र ठामपणे थांबवायला हव्यात. बुडबुड्यापाशी लायटर धरून मिथेन पेटवून दाखवायची हौस काही चालक आणि गाईड करतात. पाहुणे टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. आपल्या ग्रुपपुरतं तरी हे बंद करा, आणि टेकडीवर सिगारेटही पेटू देऊ नका. हे ज्वालामुखी शांत दिसतात म्हणून ते खेळणं होत नाहीत. 4 जुलै 2021च्या रात्री कॅस्पियन समुद्रात दाशली बेटावर असाच ज्वालामुखी उफाळला आणि आगीचा प्रचंड लोळ दूरवरून दिसला. दुसरं, वरून वाळलेली दिसणारी साय आत ओली असू शकते, तिच्यावर पाय टाकायचा नाही. तिसरं, या चिखलाने सांधेदुखी जाते, त्वचा उजळते अशी हमी आपल्या तोंडून जाता कामा नये. कोणाला हाताला लावून बघायचा असेल तर बघू दे, औषध म्हणून विकू नका.

पावसानंतर ही माती साबणासारखी निसरडी होते आणि कच्ची वाट गाड्यांना दाद देत नाही. अशा वेळी स्थानिक चालक ‘नको’ म्हणाला तर त्याचं ऐका. अनेक वर्षं या वाटांवर पर्यटकांना नेण्याचं काम तिथल्या माणसांच्या जुन्या लाडा मोटारी करत आल्या आहेत. त्यांना जमिनीची जी जाण आहे ती आपल्या कोच कंपनीला नाही. आणि साधी गोष्ट: पाहुण्यांना आदल्या रात्रीच जुनी चप्पल किंवा बूट घालायला सांगा, कोचमध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि पिशव्या ठेवा. राखाडी चिखलाचे पाय घेऊन कोचात चढलेला ग्रुप आणि वैतागलेला ड्रायव्हर, यात उरलेल्या दिवसाची मजा जाते.

आता कोरीव चित्रांकडे. इथे आपली तयारी सर्वांत कमी पडते, म्हणून जरा सविस्तर.

गोबुस्तानचा सांस्कृतिक भूप्रदेश 2007मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. बोयुकदाश, किचिकदाश आणि जिंगिरदाग अशा तीन डोंगरांवर मिळून 6,000हून अधिक कोरीव चित्रं नोंदलेली आहेत. आपले ग्रुप जातात ते बोयुकदाशवर. भीमबेटका पाहिलेला पाहुणा लाल-पांढऱ्या रंगांची अपेक्षा घेऊन येतो. इथे चित्रं चुनखडीच्या दगडात कोरलेली, रेषा उथळ, हजारो वर्षांच्या वाऱ्यापावसाने गुळगुळीत झालेल्या. दगड आणि रेषा यांचा रंग एकच. त्या दिसतात फक्त सावलीमुळे, आणि सावलीला तिरका उजेड लागतो.

बाकू साधारण 40 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्यातल्या दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जवळजवळ 70 अंश वर असतो. आपले सुट्टीचे ग्रुप नेमके तेव्हाच, जेवणाच्या आधी, घाईत तिथे पोचतात. वरून पडणाऱ्या त्या उजेडात कित्येक रेषा पुसल्यासारख्या होतात. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य भर दुपारीही 27 अंशांच्या आसपासच असतो आणि तीच चित्रं दिवसभर उठून दिसतात. म्हणून उन्हाळ्याच्या ग्रुपला सकाळी दार उघडताच बोयुकदाशवर न्या, ज्वालामुखी नंतर ठेवा. चिखलाच्या बुडबुड्याला सूर्याच्या कोनाशी देणंघेणं नाही. नाताळच्या ग्रुपला क्रम कसाही चालेल, फक्त वाऱ्याची सोय हवी. बाकूचा उत्तरेकडून येणारा वारा, ज्याला तिथे खज्री म्हणतात, उघड्या डोंगरावर कानटोपीशिवाय उभं राहू देत नाही.

बघायला शिकवणं हे आपलं काम आहे. पहिल्या शिळेपाशी गाईडचं बोलणं थांबवा आणि पाहुण्यांना स्वतः शोधू द्या. आधी शिंगं सापडतात. मग पाठीची रेषा, मग पाय, आणि एक रानबैल शिळेतून बाहेर येतो. नजर स्थिरावली की लक्षात येतं, त्याच्या अंगावरूनच दुसऱ्या कुणीतरी नंतर एक बोकड कोरला आहे. पुढच्या शिळेवर माणसांची रांग, खांद्याला खांदा भिडवून नाचणारी. अझरबैजानात आजही रांगेत नाचतात, त्या नाचाला याल्ली म्हणतात, आणि तिथला गाईड हे अभिमानाने सांगतो. मग होड्या. लांबट, उभ्या रेघांच्या रूपात माणसं बसलेली, काही होड्यांच्या टोकाला सूर्य. आज समुद्र दूर दिसतो, पण कॅस्पियनची पातळी पूर्वीपासून चढत-उतरत आली आहे, आणि होडी कोरणाऱ्याला तो याहून कितीतरी जवळ असणार.

थॉर हेयेरडाल या नॉर्वेजियन दर्यावर्दीला या होड्या पाहून स्कँडिनेव्हियाची आठवण झाली आणि त्याने तिथल्या लोकांचं मूळ या भागात असावं असा तर्क मांडला. अभ्यासकांनी तो मान्य केलेला नाही. लोकल गाईड ही गोष्ट रंगवून सांगतो, सांगू दे. आपण मागून शांतपणे एवढंच जोडायचं की हा एका धाडसी प्रवाशाचा तर्क आहे. तसंच काळाचं. युनेस्कोच्या नोंदीत 40,000 वर्षांच्या शैलकलेचा उल्लेख आहे. त्यावरून प्रत्येक बोकड 40,000 वर्षांचा ठरत नाही. ही परंपरा अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंत चालत आली, एका शिळेवर अनेक काळांचे हात आहेत. पाहुण्याला मोठा आकडा दिला की तो ‘अरे बापरे’ म्हणतो आणि पुढे जातो. एकावर एक कोरलेली दोन चित्रं वेगळी करून दाखवली, तर तो थांबतो.

डोंगराच्या पायथ्याचा लॅटिन शिलालेख बहुतेक ग्रुप चुकवतात, कारण तोवर सगळे कोचकडे निघालेले असतात. सम्राट डोमिशियनच्या काळात, इ. स. 84 ते 96च्या दरम्यान, रोमच्या बाराव्या लीजनचा सेंच्युरियन लुसियस युलियस मॅक्सिमस इथवर आला आणि त्याने नाव कोरून ठेवलं. 1948 साली इशाग जाफरजादे यांना तो लेख सापडला. याच जाफरजादे यांनी गोबुस्तानच्या चित्रांची पद्धतशीर नोंद करण्यात आयुष्य घातलं. रोमन जगाचा इतक्या पूर्वेला सापडलेला दुसरा शिलालेख माहीत नाही. पाच मिनिटं लागतात. आणि गावालदाश नावाचा तो वाजणारा दगड, ज्यावर खडा मारला की डफासारखा नाद घुमतो, त्याच्यासाठी आणखी पाच.

आतेशगाह वेगळं काढायचं आणखी एक कारण आहे, आणि ते खास आपल्या पाहुण्यांचं आहे. तिथल्या कोठड्यांच्या दारांवर देवनागरी लेख आहेत, काहींची सुरुवात श्री गणेशाय नमः अशी आहे. मुलतान, पंजाबकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणि साधूंनी ते लावले. बाकूत मराठी माणूस स्वतः, गाईडशिवाय, एक एक अक्षर लावून वाचू शकतो अशी ही जागा. दिवसभर दमलेला ग्रुप संध्याकाळी सहाला तिथे उतरवला तर तो ज्योतीचा फोटो काढून निघतो. सकाळी ताज्या डोळ्यांनी नेलं, तर आजी-आजोबा नातवंडांना अक्षरं दाखवत दाराशी रेंगाळतात. ज्योत आता पाइपच्या वायूवर जळते, नैसर्गिक झरा विसाव्या शतकात आटला, हेही सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

खर्चाचा प्रश्न येणारच. जादा अर्ध्या दिवसाचा कोच आणि गाईड यांनी दर वाढतो आणि शेजारची कंपनी तेवढ्याने स्वस्त दिसते. आमचं मत असं की हा फरक लपवून खरेदीच्या थांब्यातून वसूल करण्याऐवजी ब्रोशरमध्ये सरळ लिहावा: ‘गोबुस्तानमध्ये पूर्ण दिवस.’ दोनदा-तीनदा परदेशी जाऊन आलेला पाहुणा आता प्रश्न विचारतो. त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

आणि आपल्या टूर मॅनेजरची तयारी घरच्या घरी होऊ शकते. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही कातळशिल्पं 2022मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सुधीर रिसबुड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्या माणसांनी सडे पायाखाली घालून त्यांचा शोध घेतला. उथळ रेषा, तिरका उजेड, एकाच रंगाचा दगड, सगळं तिथे आहे. फरक एवढाच की गोबुस्तानची चित्रं उभ्या शिळांवर आहेत, आपली जांभ्याच्या सपाट सड्यावर, पायांच्या वाटेत. गोबुस्तानला आखलेल्या पायवाटेवरून चालावं लागतं, आपल्या कित्येक सड्यांवर अजून पाहुणा चित्रावरूनच चालू शकतो. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू फिरवणं, पाणी ओतणं हे प्रकार गोबुस्तानमध्ये आपण करू देणार नाही, ते इथेही करू देऊ नयेत. पावसाळा संपला की, उन्हाळी बुकिंग सुरू होण्याआधी, आपल्या टूर मॅनेजरांना दोन दिवस रत्नागिरीला पाठवा. सकाळी सातला आणि दुपारी बाराला एकाच शिल्पापाशी उभं करा. मे महिन्याच्या बाकू ग्रुपचं वेळापत्रक मग त्यांनाच आखू द्या.