होनाजी फक्त पहाटेच का?

व्ही. शांताराम यांनी १९५१ मध्ये होनाजी बाळावर चित्रपट काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘अमर भूपाळी’. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात ज्याच्या लावण्यांनी रात्री जागवल्या, तो शाहीर आपल्याला चालतो तो पहाटेचा, स्नान करून आलेला.

इंग्रजांचीही खोड हीच. १६४२ पासून बंद असलेली नाटकगृहे १६६० मध्ये दुसरा चार्ल्स लंडनला परतल्यावर उघडली आणि दरबारी कवींची जीभही सैल झाली. त्यांतला सर्वांत बेलगाम अर्ल ऑफ रॉचेस्टर. तो १६८० मध्ये तेहतिसाव्या वर्षी गेला, आणि लगेच बर्नेट नावाच्या धर्मोपदेशकाने त्याच्या अंतकाळच्या पश्चात्तापाची हकीकत छापली. आपल्याकडे शाहीर अनंत फंदीला अहिल्याबाई होळकरांनी कानपिचक्या दिल्या आणि तो लावणी सोडून कीर्तनाकडे वळला, असे सांगतात. शृंगाराच्या कवीला प्रायश्चित्त घेतल्याखेरीज पंगतीला बसू द्यायचे नाही, यावर लंडन आणि पुणे यांचे चांगलेच एकमत दिसते.

मग इंग्रजी शिकणाऱ्या पुणेकर मुलांना रॉचेस्टर आणि होनाजी शेजारी ठेवून शिकवावेत का? आमचे मत शिकवावेत असे आहे, पण विरोधकांचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या मिश्र वर्गात अशा शृंगारिक रचना उलगडताना शिक्षकाची पंचाईत होते, हे खरे. त्याहून वजनदार आक्षेप असा, की या तुलनेत लावणी विलायती पासपोर्टावर प्रतिष्ठित होईल.

त्यावर उतारा म्हणजे फरक लपवायचा नाही. रॉचेस्टर सरदार होता. तो आपल्या कंपूसाठी लिही, हस्तलिखिते हातोहात फिरत, आणि राजाची टवाळी करूनही तो पुन्हा दरबारात परते. होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी. दोघांचे पोट आश्रयदात्याच्या मर्जीवर. सरदाराच्या चळाला समीक्षक बंडखोरी म्हणतात आणि गवळ्याच्या शृंगाराला अश्लीलता. वर्गात बोलायला हवे ते यावर.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. अ‍ॅफ्रा बेन या लेखिकेने प्रणयात ऐनवेळी फजिती झालेल्या पुरुषावर कविता लिहिली. ती १६८० मध्ये रॉचेस्टरच्या नावाच्या संग्रहात छापली गेली आणि त्याचीच समजली गेली. लावणीत उलटा प्रकार. विरहिणी बोलते, रुसते, धिटाईने मागते, पण लेखणी बहुधा पुरुषाची. मग फडावर ती गाणाऱ्या बाईचे त्यात काय होते? शब्द नसतील, पण अदा, ठेहराव आणि कोणत्या शब्दावर प्रेक्षकाकडे पाहायचे हा निर्णय तिचाच असतो. छापील पानावर तो दिसत नाही.

म्हणूनच नुसते उतारे नेमून भागणार नाही. य. न. केळकरांनी ‘अंधारातील लावण्या’ संपादून त्या वाचकांपुढे ठेवल्या, म. वा. धोंडांनी ‘मऱ्हाटी लावणी’त तिची रीतसर चिकित्सा केली, संहितेची अडचण फारशी उरलेली नाही. अडचण आहे ती ढोलकीची. वर्षातून एक-दोन तास फडावरच्या गायिकेला वर्गात बोलवावे, आणि तिला ‘लोककला दर्शना’चा सत्कार करून परत न पाठवता व्याख्यात्याचे मानधन द्यावे.