लवूळची वानरं: सूड, की टोळीबाहेर पडलेले नर?

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव अचानक जगभर ट्रेंड झालं. 'माकडांनी सूड म्हणून कुत्र्यांची २५० पिल्लं मारली', अशी बातमी होती. मग मीम्सचा पाऊस पडला. २५० हा आकडा मुळात गावकऱ्यांचा दावा. नागपूरहून आलेल्या वन विभागाच्या पथकानं शेवटी पकडली ती दोन वानरं. (हो, वानरं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. लाल तोंडाचं माकड वेगळं.)

सुडाच्या गोष्टीत एक साधा प्रश्न राहूनच गेला. टोळीनं राहणारा हा प्राणी गावात एकटा-दुकटा का दिसतो?

याचं नेहमीचं कारण म्हणजे टोळीबाहेर पडलेले नर. वानरांच्या माद्या जन्मल्या त्याच टोळीत आयुष्य काढतात. नराला ती सोय नाही. अनेक टोळ्यांत मोठा नर एकच असतो. बाहेरचा नर येऊन त्याला हुसकावतो, तेव्हा त्याच्यासोबत वाढत्या वयाचे नरही बाहेर फेकले जातात. तान्ह्या पिल्लांचा तर जीवही जातो. जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात हे नोंदवलं, तेही आपल्या शेजारच्या धारवाडमध्ये.

रानटी घोड्यांचंही असंच. नर शिंगरू दोन-तीन वर्षांचं झालं की कळप सोडतं. कधी बाप हाकलतो, तर कधी कळपात खेळायला बरोबरीचं कुणी नाही म्हणून ते स्वतःच निघतं. दोन्हीकडे फायदा एकच: आई-बहिणींशी जुगणं टळतं.

बाहेर पडलेले नर मग आपापली टोळी करतात. टोळीची राखलेली हद्द नसल्यामुळे ते भटकतात आणि शेत, छप्पर, गावात मिळणारं खाणं यांच्याजवळ येतात. लवूळमध्ये लोक घाबरले होते, ती भीती खरीच होती. पण त्यावरून 'गँगवॉर' रंगवणं ही आपल्या टाइमलाइनची करामत.

पकडलेली दोन्ही वानरं नागपूरजवळच्या जंगलात सोडणार, असं तेव्हा वन विभागानं सांगितलं होतं. अशा जंगलात बहुतेकदा आधीच एखादी टोळी असते. आणि तिचा नर.