नफा झाला, मग पैसा गेला कुठे?



वार्षिक सभेचा अहवाल हाती पडला की आपल्यातले बहुतेक जण आधी ऊसदराचे पान काढतात. ते रास्तच आहे. पण ताळेबंदाचे पान न उलटताच अहवाल फळीवर जातो, हे बरे नाही. पुढल्या पाच-सात हंगामांचा दर बराचसा त्या पानावर ठरतो.

लोहारा भागात लागणीच्या नोंदी घेताना हमखास विचारणा होते, "साहेब, नफा झाला म्हन्ता, मंग थो पैसा गेला कुठी?" प्रश्न सरळ आहे. त्याचे उत्तरही सरळ मिळाले पाहिजे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत टाकावा लागतो. कलम ६७ प्रमाणे भागावरचा लाभांश सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. म्हणजे काही नफा मागे ठेवणे ही संचालक मंडळाची लहर नव्हे, तो कायदाच आहे. बाकीच्या नफ्याचे काय करायचे, यावर मात्र सर्वसाधारण सभेत आपले मत चालते.

दुसरे असे की, राखीव निधी म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. ताळेबंदात एका बाजूला तो निधी दिसतो, पण प्रत्यक्षात तो बॉयलर, मिलचे रोलर, गोदाम किंवा शिल्लक साखर यांत गुंतलेला असू शकतो. आपण नाही का, चांगल्या प्लॉटातला काही ऊस बेण्यासाठी राखत? सगळाच गाळपाला घातला तर त्या साली पट्टी फुगते, पण पुढच्या लागणीला बेणे विकत आणावे लागते, तेही दुसरा देईल तसले.

हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या कारखान्याने ४ लाख टन गाळप केले आणि ४ कोटी रुपये निव्वळ नफा झाला. चौथा हिस्सा १ कोटी राखीव निधीत गेला, म्हणजे टनामागे २५ रुपये. ४० टन ऊस घालणाऱ्याचे हजार रुपये मागे राहिले. हजार रुपये ही लहान रक्कम नाही, हे मीही जाणतो. पण तोच १ कोटी यंत्रदुरुस्तीसाठी बँकेकडून १२ टक्क्यांनी काढला, तर पहिल्या वर्षी व्याजच १२ लाख होते. टनामागे ३ रुपये व्याजापोटी गेले आणि मुद्दल डोक्यावर राहिलेच. शेवटी हे सारे उसाच्या पैशांतूनच फिटते.

उलट तो पैसा नीट लागला तर काय होते तेही बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. साडेनऊ टक्क्यांच्या वर उताऱ्यात ०.१ टक्का फरक पडला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैशांचा, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैशांचा फरक पडतो. मिल सुधारून रसातली साखर चिपाडात जायची थांबली आणि उतारा एवढा जरी वाढला, तरी राखलेले २५ रुपये एका हंगामात भरून निघतात.

खाजगी कंपनीत भागधारकाची गोष्ट वेगळी असते. कंपनीने नफा मागे ठेवून धंदा वाढवला तर शेअरचा भाव चढतो, आणि तो शेअर विकून मोकळा होतो. सहकारात तसे नाही. सभासदत्व सोडताना दर्शनी किमतीहून जास्त मिळत नाही. आपला मोबदला मिळतो तो ऊस घालूनच : रास्त दर, वेळेवर तोड आणि १४ दिवसांत पैसे. म्हणून राखलेल्या नफ्याची कसोटीही याच तीन गोष्टींवर लागली पाहिजे.

काही जण म्हणतील, नफा दाखवताच कशाला, सगळा दरातच द्या. पण कायदा दर आणि नफा एक मानत नाही. तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जादा दरात जो भाग नफ्याच्या वाटपाचा असेल तो खर्च धरता येणार नाही. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांच्या अशा देण्यांबाबत कारखान्यांना दिलासा मिळाला. पण धडा राहतोच : दर म्हणून दिले तरी घरातलेच वाटले जात असेल, तर तो नफाच वाटला.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर ही गोष्ट अधिक जपली पाहिजे. इथे कापूस, सोयाबीन आणि तूर ही घरोघरची पिके. ऊस पाणी असेल तिथेच. एखाद्या सालात पाऊस रुसला की गाळप घटते, पण पगार आणि हप्ते घटत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात पोफाळीच्या वसंत कारखान्याची चाके काही हंगाम थांबली होती. तिथली कारणे निरनिराळी असतील. पण कारखाना थांबला की हाती भाग असूनही उभा ऊस दूर पाठवावा लागतो.

याचा अर्थ डोळे मिटून हात वर करा, असा मुळीच नाही. बिनकामाच्या बांधकामात, मिरवण्याच्या गाड्यांत किंवा न वसूल होणाऱ्या उचलीत गेलेला नफा राखला असे म्हणता येत नाही, तो गेला. म्हणून सभेत चार गोष्टी विचारा. यंदा किती राखले? ते कशात घातले? त्याने उतारा, गाळप किंवा व्याजाचा बोजा यांत काय फरक पडला? आणि संचित तोटा असेल तर तो किती कमी झाला? घसाऱ्याची तरतूद पुरती केली का, हेही पाहा. ती न करता दाखवलेला नफा म्हणजे बैलाची पेंड वाचवून दाखवलेली बचत होय.

उत्तर पटले तर नफा राखायला हात वर करा, आणि पटले नाही तर उभे राहून बोला. कारखाना आपला आहे, असे आपण म्हणतो. ते ताळेबंद वाचल्याशिवाय खरे ठरत नाही.

— ऊस विकास अधिकारी