विश्लेषण : विजयदुर्ग जागतिक वारशात, पण पर्यटक मुक्कामाला थांबणार का?

युनेस्कोने ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यातील ११ महाराष्ट्रातील, तर एक, जिंजी, तमिळनाडूतील आहे. मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातील विजयदुर्ग हे त्यातील दोन जलदुर्ग. समृद्धी महामार्ग आणि मुंबईची वंदे भारत यांमुळे जालन्यासारख्या समुद्रापासून दूरच्या शहरांनाही कोकण जवळ आले आहे. मात्र पर्यटक वाढले म्हणजे गावाची कमाई वाढतेच असे नाही.

विजयदुर्ग वेगळा का?

वाघोटण खाडीच्या मुखाशी समुद्रात शिरलेल्या भूशिरावर हा किल्ला आहे. तीन बाजूंना पाणी, एका बाजूला जमीन. शिलाहार राजा भोज याच्या काळातील हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये घेतला असे मानले जाते. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तो पडला.

सिंधुदुर्ग बेटावर असल्याने होडी लागते आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. विजयदुर्गला मात्र रस्त्याने थेट जाता येते.

पाहण्यासारखे काय आहे?

तिहेरी तटबंदी, बुरुज आणि खाडीचे दृश्य. जवळच गिर्ये येथील रामेश्वर मंदिर आणि खाडीकाठी आंग्रेकालीन गोदीचे अवशेष आहेत. तालुक्यातच कुणकेश्वरचे समुद्रकाठचे मंदिर, देवगडचा किल्ला आणि हापूसच्या बागा आहेत.

‘हेलियमचा शोध इथे लागला’ असेही किल्ल्यावर ऐकायला मिळते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्यां’चा संबंध जोडला जातो. मात्र त्या दिवशी ज्यांचे निरीक्षण निर्णायक ठरले ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून स्वतंत्रपणे निरीक्षण केले. ही कथा सांगताना हा फरकही सांगायला हवा.

मग मुक्काम का होत नाही?

किल्ला पाहायला दोन-तीन तास पुरतात. स्कूबा, होड्या आणि हॉटेलांचे आकर्षण मालवण-तारकर्लीकडे आहे. गाडी तिकडे वळली की विजयदुर्गला राहतो तो चहा-नाश्त्याचा पैसा. मुक्काम झाला तर जेवण, खोली, रिक्षा, वाटाड्या, आंबा-मासळी असा पैसा अनेक घरांत वाटला जातो. त्यामुळे किती लोक आले यापेक्षा किती लोक राहिले हा आकडा गावासाठी महत्त्वाचा आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तरीही ही दरी पूर्ण भरलेली नाही.

वारसा यादीमुळे बांधकामाला बंदी येते का?

युनेस्कोची यादी स्वतः नवा कायदा आणत नाही. बंधने आधीचीच आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शिवाय किनाऱ्यावर सीआरझेडचे नियम आहेत. म्हणजे मोठ्या हॉटेलांना जागा कमी. गावातील असलेल्या घरांत न्याहारी-निवास हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. त्यासाठी पाणी, स्वच्छतागृहे आणि कचऱ्याची सोय आधी हवी.

जपानमध्ये काय घडले?

जपानचा नोतो द्वीपकल्पही असाच ग्रामीण आणि किनारी आहे. तिथे समुद्राला टेकलेली पायऱ्यांची भातशेती, परंपरागत मिठागरे आणि मासेमारी हेच पर्यटकांना दाखवले जाते. २०११ मध्ये त्याला जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला. मात्र १ जानेवारी २०२४ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपात रस्ते तुटले, अनेक गावे एकाकी पडली आणि पर्यटनही थांबले. चिंचोळ्या भूभागात जाण्या-येण्याच्या वाटा मोजक्याच असतात. कोकणातही दरड आणि वादळ यांचा विचार याच अंगाने करावा लागेल.

समुद्र नवा असलेल्यांनी काय पाहावे?

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. लाइफ जॅकेट, बोटीची क्षमता आणि भरती-ओहोटीची वेळ विचारूनच पाण्यात उतरणे हिताचे. तलाव-विहिरीत पोहणाऱ्यालाही समुद्राच्या ओढीचा अंदाज येत नाही.

जालन्याच्या मस्तगडाला यातून काय घेता येईल?

निजामुल्मुल्क आसफजाहच्या सांगण्यावरून काबिलखानाने १७२५ मध्ये जालन्याचा किल्ला बांधला, अशी नोंद आहे. म्हणजे मस्तगडाला तीन शतके झाली. फारसी शिलालेख आणि आत दालने असलेली मोठी विहीर ही त्याची वैशिष्ट्ये. पुढे इथेच नगरपालिकेचे कार्यालय आले आणि किल्ला हे लोकांच्या कामकाजाचे आवार झाले.

विजयदुर्गची अडचण दोन तासांच्या भेटीची, तर मस्तगडाची अडचण रोज ये-जा असूनही न पाहिले जाण्याची. उपाय मात्र सारखाच आहे : एकटी वास्तू नव्हे, तर तिच्याभोवतीचा दिवस आखणे. मस्तगड, मोती तलाव, काळी मशीद आणि घाणेवाडी तलाव अशी एक दिवसाची फेरी, माहितीफलक आणि प्रशिक्षित वाटाडे एवढ्याने सुरुवात होऊ शकते. युनेस्कोचा शिक्का मिळाला नाही तरी एवढे काम शहराच्या हातात आहे.