यंत्रांचा दवाखाना : इंजिन ओरडतं, गाडी मात्र ढिम्म!

दोस्तांनो, आजचा आपला पेशंट आहे दूर अमेरिकेत. नाव फोर्ड मस्टँग, जन्मसाल १९६५. म्हणजे वयाची साठी गाठलेल्या या आजीबाई आहेत, पण रुबाब अजून तरुण पोरीचा! १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली आणि पहिल्या वर्षभरात चार लाखांहून जास्त खपली. त्यातल्या कितीतरी गाड्या लोकांनी आजही जिवापाड जपल्या आहेत.

आता दुखणं ऐका. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन मोठ्यांदा ओरडतं, पण गाडीचा वेग काही वाढत नाही. क्षणभराने एक हिसका बसतो आणि मग कुठे ती पुढे पळते. सायकलची चेन उतरली की पायडल कसं नुसतं गरागरा फिरतं? तसंच काहीसं. गॅरेजवाले म्हणतात, ‘गिअर स्लिप मारतोय.’

अशा वेळी घाबरलेल्या मालकाला पहिला सल्ला काय मिळतो ठाऊक आहे? ‘गिअरबॉक्स गेला, पूर्ण उतरवून नवा भरावा लागेल!’ हे काम भलतंच महागडं. एवढे पैसे नसले तर लोक गाडीच विकून टाकतात. आणि कधी कधी खरा दोष असतो एक ढिला स्क्रू. म्हणून आपण आधी नाडी बघू, ऑपरेशनचं मग.

या गाडीला क्लचचं पायडल नाही. गिअर आपोआप बदलतात. तुमच्या घरच्या बिनगिअरच्या स्कूटरलाही गिअर टाकावे लागत नाहीत, पण तिथे काम करतो एक रबरी पट्टा. इथे सगळा कारभार आहे तेलाचा. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा, बंद असलेला पंखाही हळूहळू फिरू लागतो की नाही? हवेच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, आणि गंमत म्हणजे ते मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी!

पण या तेलाला आणखी एक मोठं काम आहे. पंप त्याला दाबाने आत ढकलतो आणि त्या दाबाने क्लच आणि पट्टे घट्ट आवळले जातात. तेल कमी झालं तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. तेलाचा फेस होतो. फेस दाबला की चेपतो, तेल चेपत नाही. मग पकड सैल पडते आणि क्लच घसरतो. घसरला की घासतो, घासला की तापतो. तळहात जोरात चोळून बघा म्हणजे कळेल. क्लचच्या चकत्यांवर कागदासारख्या पदार्थाचं अस्तर असतं, ते चक्क करपतं. म्हणून स्लिप मारणारी गाडी ‘चालतेय तोवर चालवू’ म्हणून दामटणं सगळ्यात वाईट. पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती, ती अशानेच कायमची आजारी पडते.

तेव्हा पहिली तपासणी तेलाची. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन गरम आणि चालू हवं. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकदा सगळ्या खुणांवरून फिरवायचा, पार्कमध्ये आणायचा आणि मग डिपस्टिक काढून बघायची. (हे काम मोठ्या माणसांचं बरं का! तुम्ही फडकं धरून शेजारी उभं राहायचं.) चांगलं तेल लाल आणि स्वच्छ असतं. काळपट आणि करपल्याच्या वासाचं असेल तर आत अस्तर जळलं असं समजा. गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. बऱ्याच गाड्यांत हे तेल रेडिएटरमधल्या नळीतून फिरून थंड होतं, तिथूनच पाणी आलेलं असतं.

तेल कोणतं, हेही महत्त्वाचं. या मस्टँगच्या गिअरबॉक्सला ‘टाइप एफ’ तेल लागतं. ते घट्ट पकड देणारं. जनरल मोटर्सच्या गाड्यांचं तेल जास्त निसरडं असे, आणि तो निसरडेपणा कुठून येई, सांगू? स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलातून! १९७० साली अमेरिकेने हा देवमासा धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला आणि त्याचं तेल देशात आणणं बंद झालं. मग केमिस्ट मंडळींना धावपळ करून दुसरी तेलं बनवावी लागली. एका गिअरबॉक्सपायी देवमाशाचा जीव! मला तर हे वाचून कसंसंच झालं होतं.

असो. समजा तेल कमी आहे, पण गाडीखाली एक थेंबही सांडलेला नाही. मग गेलं कुठे? इथे खरी हेरगिरी सुरू होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का बघा. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक छोटी डबी असते, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. तिच्यातून एक नळी इंजिनाकडे जाते. इंजिन हवा किती जोराने ओढतंय, त्यावरून या डबीला कळतं की गाडीवर भार किती आहे. डबीत रबराचा पडदा असतो. रबर जुनं होऊन फाटलं, की इंजिन हवेबरोबर गिअरबॉक्सचं तेलही नळीतून पिऊन टाकतं आणि जाळतं. चोर पकडायची युक्ती सोपी आहे. डबीवरची नळी काढायची. आतून लाल तेलाने ओली निघाली की चोर सापडला! डबी नवी बसवायची, तेल पुरं करायचं. गिअरबॉक्स उघडावाच लागत नाही.

तेल भरपूर आहे, लालही आहे, आणि तरी गाडी स्लिप मारते? मग विचारायचं, ‘कोणत्या गिअरमध्ये?’ मला स्वतःला हा प्रश्न सगळ्यात आवडतो, कारण यात पाना लागत नाही, डोकं लागतं.

या गिअरबॉक्सचं नाव सी-४. पुढचे तीन गिअर आणि एक रिव्हर्स. आत चार गडी आहेत, ते पाळीपाळीने कामावर येतात. ‘फॉरवर्ड क्लच’ पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या, तिन्ही गिअरमध्ये हजर. ‘रिव्हर्स-हाय क्लच’ फक्त तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये. ‘इंटरमीजिएट बँड’, म्हणजे फिरत्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा, फक्त दुसऱ्यात. ‘लो-रिव्हर्स बँड’ रिव्हर्समध्ये, आणि दांडा ‘एल’वर ठेवला तर पहिल्यात. (आणखी एक गडी आहे, एकाच दिशेने फिरू देणारा. त्याला आज सुट्टी.)

आता आपल्या आजीबाई फक्त दुसऱ्या गिअरमध्ये घसरतात. पहिला ठीक, तिसरा ठीक, रिव्हर्स ठीक. म्हणजे फॉरवर्ड क्लच निर्दोष, नाहीतर पहिला आणि तिसराही बिघडला असता. मग दुसऱ्यात एकटा कोण येतो? इंटरमीजिएट बँड! कमरेचा पट्टा सैल झाला की चड्डी घसरते ना, तसा हा पट्टा वर्षानुवर्षांच्या वापराने झिजून सैल होतो.

आणि याचा स्क्रू कुठे आहे माहीत आहे? गिअरबॉक्सच्या बाहेर! वरचा नट सैल करायचा आणि स्क्रू १० फूट-पौंड इतका आवळायचा. म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला साधारण साडेचार किलोचं वजन टांगल्यावर जेवढा जोर लागेल तेवढा. मग मोजून पावणेदोन फेरे उलटा फिरवायचा आणि स्क्रू तसाच धरून नट पक्का करायचा. दोन नाही, दीड नाही, पावणेदोन. जास्त आवळला तर पट्टा कायम घासत राहील आणि जळेल. एवढं करूनही दुसरा गिअर घसरलाच, तर पट्ट्याचं अस्तर संपलं असेल किंवा त्याला दाबणाऱ्या पिस्टनचं सील गळत असेल. तेव्हा मात्र उस्तादांना बोलवायचं.

चला, आता तुमची पाळी. दवाखान्याच्या दारात दुसरी एक मस्टँग उभी आहे, गिअरबॉक्स तोच सी-४. तेल पुरेसं, लालभडक. पहिला आणि दुसरा गिअर उत्तम. तिसऱ्यात मात्र इंजिन नुसतं ओरडतं, आणि रिव्हर्समध्येही तेच. दांडा ‘एल’वर ठेवला तर कसलीच तक्रार नाही. चारांपैकी गुन्हेगार कोण? आणि त्याला बाहेरचा स्क्रू आवळून ताळ्यावर आणता येईल का? आईबाबांना विचारायचं नाही हं, त्यांनाच हे कोडं घाला. उत्तर पुढच्या अंकात!